हात पुष्कळ, ओळख थोडी : माजलेल्या बागेतील श्रमदानाचा अनुभव

माजलेली बाग एका दिवसात मोकळी करण्यासाठी माणसे जमवणे हे वरवर पाहता संख्याबळाचे काम वाटते; पुरेशी माणसे आली, कोयते-खुरपी कमी पडली नाहीत आणि चहा-पोहे वेळेवर पोहोचले की काम फत्ते, अशी त्यामागची सर्वसाधारण समजूत असते. शाळांची आवारे, वाचनालयांमागच्या मोकळ्या जागा आणि गृहनिर्माण संस्थांच्या बागा यांतील श्रमदानाचा अनुभव मात्र निराळे काही सांगतो. तेथे श्रमाची टंचाई क्वचितच भासते; टंचाई भासते ती ओळखीची, म्हणजे समोर उगवले आहे ते काय, ते आपोआप आले की कोणी लावले, ते ठेवायचे की काढायचे आणि काढायचे तर नेमके कोठून, हे जाणण्याची. अशा दिवसाचे संयोजन म्हणजे मोजक्यांजवळ असलेली ही जाण अनेकांच्या हातांपर्यंत वेळेवर पोहोचवण्याची व्यवस्था होय आणि ती कितपत जमली यावरच त्या दिवसाचे यशापयश ठरते.

मिळून काम करण्याच्या पद्धती महाराष्ट्राला नव्या नाहीत. शेतकरी समाजातील 'सावड' ही श्रमाची परतफेड आहे. एका घरची माणसे आणि बैल दुसऱ्याच्या शेतात राबतात आणि आपली वेळ आली की तेवढेच काम परत घेतात. 'इर्जिक' या प्रथेत अनेक शेतकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात उतरतात, अडलेले काम एका दमात उरकतात आणि ज्याचे काम झाले तो सर्वांना जेवू घालतो. या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे कामाला आलेला प्रत्येक जण त्या कामात मुरलेला असतो. खुरपणीला बसलेल्या बाईला भुईमुगाचे रोप कोणते आणि तण कोणते हे सांगावे लागत नाही. शहरातील श्रमदानाला येणारा स्वयंसेवक परतफेडीची अपेक्षा ठेवत नाही, हा त्याचा मोठेपणा. परंतु त्याने आयुष्यात खुरपे हाती धरलेलेच नसते, ही त्याची अडचण असते. इर्जिकीत जे आपसूक मिळत होते, ते येथे आधी ठरवून, आखून पुरवावे लागते.

श्रमदानाच्या सार्वजनिक परंपरेचाही या संदर्भात विचार करावा लागतो. हातात खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडणारे गाडगे महाराज (1876–1956) हे या परंपरेचे आदिरूप मानले जातात आणि महाराष्ट्र शासनाने 2000–01 मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव देण्यात आले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने महाविद्यालयीन तरुणांच्या अनेक पिढ्यांना शिबिरांमधून श्रमदानाची ओळख करून दिली. तर 2016 मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झालेल्या पाणी फाउंडेशनच्या 'वॉटर कप' स्पर्धेने भर उन्हाळ्यात समतल चर खोदणाऱ्या गावकऱ्यांच्या कामाला नवी प्रतिष्ठा दिली. समतल चर म्हणजे उतारावरचे पाणी अडून मुरावे यासाठी एकाच उंचीच्या रेषेवर खोदलेला लांबट खड्डा. रेषेची आखणी जाणकाराने एकदा करून दिली की पुढचे खोदकाम कोणालाही करता येते, आणि कचरा उचलण्याच्या कामात तर तेवढ्या आखणीचीही गरज नसते, कारण कचरा हा सगळाच नकोसा असतो. बागेत तसे नसते. तेथे हवे आणि नको हे एकाच वाफ्यात, पुष्कळदा एकाच फांदीवर, एकमेकांत गुंतलेले असते आणि दोन्ही जिवंत असते. त्यामुळे स्वच्छता मोहिमेचा आराखडा जसाच्या तसा बागेला लावला तर दिवसअखेर जमीन स्वच्छ दिसते खरी, पण बाग उरलेली नसते.

पुण्याच्या एका उपनगरातील सार्वजनिक वाचनालयामागची बाग हे अशा कामाचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून घेता येईल. अर्ध्या एकराहून कमी असलेल्या या जागेत कडुनिंब, आंबा, बकुळ, पारिजातक आणि सोनचाफा ही झाडे एका जुन्या विश्वस्ताने हौसेने लावून घेतली होती. माळ्याचे काम सुटल्यावर लागोपाठच्या पावसाळ्यांनी तेथे आपला अंमल बसवला. कुंपणाकडेची बाजू घाणेरीने व्यापली, वाफ्यांत गाजरगवत आणि लव्हाळा दाटला, रेल्वे क्रीपर या नावाने ओळखली जाणारी जांभळ्या फुलांची वेल पारिजातकावर चढून तो दिसेनासा झाला आणि आंब्यावर बांडगूळ फोफावले. बांडगूळ म्हणजे दुसऱ्या झाडाच्या फांदीत आपली मुळे रोवून त्याचे पाणी व क्षार शोषणारी, मात्र हिरव्या पानांमुळे स्वतःचे अन्न काही प्रमाणात तयार करणारी अर्धपरोपजीवी वनस्पती. ती नुसती तोडून भागत नाही, तर तिची मुळे जेथे शिरली असतील त्याच्या मागून फांदी काढावी लागते.

या कामाचा आरंभ श्रमदानाच्या दिवसाच्या पुष्कळ आधी, बागेच्या पाहणीने झाला. पूर्वीच्या माळ्याला बोलावून, त्याच्या वेळेचा रीतसर मोबदला देऊन, संयोजकांनी त्याच्याबरोबर बागेचा कोपरान् कोपरा पाहिला आणि त्याने दाखवलेल्या प्रत्येक ठेवायच्या झाडाला, झुडपाला व कंदाच्या जागेला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधली किंवा काठी रोवली. लिलीचे आणि भुईचाफ्याचे कंद वर्षाच्या ठरावीक काळात जमिनीवर दिसतच नाहीत, ही बाब येथे महत्त्वाची ठरली. कोणत्या वाफ्यात कुदळ चालवायची नाही हे माळ्याच्या आठवणीखेरीज अन्य कोठेही नोंदलेले नव्हते. चिंधी बांधण्यासाठी ठेवायचीच झाडे निवडण्यामागे एक साधा हिशोब आहे. काढायच्या झाडांवर खूण केली आणि एखादी खूण गळून पडली, तर फार तर एक तण राहून जाते. उलट खुणेवाचून ठेवायचे झाड गेले, तर ते परत येत नाही. असे असूनही ठेवायच्या झाडांवर खूण करणे पसंत केले जाते, कारण काढायच्या वनस्पती अगणित असतात, त्या सर्वांवर खूण करणे अशक्य असते आणि ठेवायची झाडे एकेक करून मोजता, पडताळता आणि त्यांची यादी करता येते.

दिवस कोणता निवडावा, हा प्रश्न सोयीचा वाटला तरी त्याचे उत्तर वनस्पतींच्या जीवनक्रमात आहे. श्रमदानासाठी 2 ऑक्टोबर ही तारीख सर्वांना सुचते. परंतु त्या सुमारास पुण्यातून पाऊस पुरता गेलेला नसतो आणि पावसाळ्यात उगवलेले गाजरगवत तोवर फुलून बी धरत असते. मूळचे अमेरिका खंडातील हे तण भारतात प्रथम ठळकपणे नोंदले गेले ते 1955च्या सुमारास पुण्यातच. काँग्रेस गवत हे त्याचे दुसरे प्रचलित नाव. त्याच्या एका झाडापासून हजारो बिया तयार होतात आणि फुलावर आलेले झाड उपटताना त्या बिया वाफाभर सांडतात, म्हणजे काढणारा माणूसच पेरणी करत जातो. मातीत उगवण्याची वाट पाहत पडून राहिलेल्या अशा बियांच्या साठ्याला बीजसाठा म्हणतात आणि माजलेल्या बागेचे खरे दुखणे जमिनीवरच्या हिरवाईपेक्षा या अदृश्य साठ्यात असते. म्हणून काम दोन टप्प्यांत विभागण्यात आले. पावसाळ्याच्या मध्यावर, गाजरगवत अद्याप जमिनीलगतच्या पानांच्या झुपक्याच्या अवस्थेत असताना आणि माती ओली असल्याने ते मुळासकट सहज निघत असताना, निवडक स्वयंसेवकांनी हातमोजे घालून केवळ तेच उपटले. या वनस्पतीच्या संपर्काने त्वचेला पुरळ उठते व काहींना दम्याचा त्रास होतो, त्यामुळे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हा आग्रहाचा विषय होता. मोठे श्रमदान दिवाळीनंतरच्या रविवारी ठेवले, तेव्हा पाऊस थांबलेला, ऊन सुसह्य झालेले आणि माती अद्याप दगडासारखी घट्ट न झालेली अशी तिन्ही अनुकूलता साधली.

प्रत्येक तणाची काढण्याची रीत वेगळी असते आणि ती ठाऊक नसल्यास श्रम वाया जातात, काही वेळा उलटतात. घाणेरी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. 1809 मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणलेली ही वनस्पती आज देशभर पसरली आहे. तिला कोयत्याने जमिनीच्या वर कापले तर बुडख्यातून पूर्वीपेक्षा अधिक फांद्या फुटतात, कारण खोड व मूळ यांच्या सांध्यापाशी, मातीच्या किंचित खाली, तिचे फुटवे येण्याची जागा असते. त्यामुळे बुंध्याभोवतीची माती कुदळीने वीतभर उकरून, तो सांधा उघडा करून, त्याच्या खाली मूळ तोडायचे आणि निघालेले झुडूप पुन्हा मातीला टेकणार नाही असे उलटे ठेवायचे, ही रीत सर्वांना प्रत्यक्ष करून दाखवावी लागली. लव्हाळ्याची गोष्ट याहून कठीण आहे. वर दिसणारी तिधारी दांडी ओढली की ती अलगद हातात येते आणि काम झाल्याचे समाधान मिळते. पण मातीत काळपट तपकिरी गाठी बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या अशा माळेसारख्या पसरलेल्या असतात, वरची दांडी तुटली की पुन्हा नवी दांडी उगवते आणि खुरप्याने धागे तुटले की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे वाढू लागते. म्हणून लव्हाळ्याचे दोन वाफे श्रमदानातून मुद्दाम वगळण्यात आले व ते पुढे माळ्याने कुदळीने खोल खणून, गाठी वेचून, सावकाश साफ करावेत असे ठरले. काय करायचे नाही हे ठरवणे हाही नियोजनाचाच भाग असतो, हे उत्साही मंडळींना पटवून देणे मात्र सोपे नसते.

सुरक्षिततेचा विचार कायद्याच्या आणि आरोग्याच्या अशा दोन्ही अंगांनी करावा लागतो. 1975च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार शहरी हद्दीत झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून कुंपणालगत वाढलेली सुबाभळीची झाडे श्रमदानाच्या कक्षेबाहेर ठेवून त्यांच्यासाठी स्वतंत्र अर्ज करण्यात आला. दाट झुडपांत आणि पालापाचोळ्याच्या ढिगांत साप असण्याची शक्यता गृहीत धरलेली बरी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप महाराष्ट्रात आढळतात आणि त्याचबरोबर उंदरांवर जगणारी निरुपद्रवी धामणही आढळते. ओळख पटवण्याच्या भरीस न पडता मागे सरायचे आणि आधीच सांगून ठेवलेल्या प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवायचे, हाच नियम ठेवला गेला. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध आहे याची आगाऊ चौकशी, 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची सर्वांना माहिती आणि प्रत्येक झुडपात हात घालण्यापूर्वी लांब काठीने आपटून घेण्याची सवय या तीन गोष्टी अनिवार्य मानल्या गेल्या. सापाइतकीच दक्षता गांधीलमाश्यांच्या पोळ्याबाबत आणि खाजकुयलीबाबत घ्यावी लागते. खाजकुयलीच्या शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते आणि वाऱ्याने ती लव उडून शेजारच्या तुकडीलाही तिचा प्रसाद मिळतो.

प्रत्यक्ष दिवशी सकाळी सातला जमलेल्या स्वयंसेवकांत निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुण, वाचनालयाच्या वाचक असलेल्या गृहिणी आणि त्यांची मुले असा सर्व प्रकारचा समुदाय होता. त्यांच्या पाच-सहा जणांच्या तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीला एकच जागा आणि एकच प्रकारचे काम नेमून दिले गेले आणि प्रत्येक तुकडीत पाहणीच्या वेळी उपस्थित असलेला एक माणूस ठेवला गेला. या 'जाणत्या' माणसाने स्वतः अवजार धरायचे नाही, केवळ पाहायचे आणि सांगायचे, असा संकेत होता. काम करण्याची खुमखुमी असलेल्या माणसाला असे नुसते उभे राहणे जड जाते. परंतु ज्या तुकडीतला जाणता स्वतःच कोयता चालवू लागतो, त्या तुकडीचे लक्ष सुटते, असे वारंवार दिसून येते. कोयते, कुदळी व पहार प्रौढांकडे, खुरपी व विळे हात सरावलेल्यांकडे, फांद्या छाटण्याची कात्री, जिला माळी 'सिकेटर' म्हणतात, ती माळ्याच्या नजरेखाली आणि घमेली, टोपल्या व दंताळे मुलांकडे व ज्येष्ठांकडे अशी अवजारांची वाटणी झाली.

ओळखीच्या टंचाईचा अर्थ कडुनिंबापाशी सर्वांत स्पष्ट झाला. त्या झाडावर चढलेल्या वेलींपैकी एक अंगठ्याएवढी जाड होती. तिची साल कागदासारखी सुटत होती, तिच्यावर बारीक उंचवटे होते आणि वरून जमिनीच्या दिशेने सुतळीसारखी लांब मुळे लोंबत होती. वेलींनी झाड गुदमरते, हे आदल्याच तासाला पारिजातकावर शिकलेल्या तरुणांनी तीही कापायला घेतली, तेव्हा माळ्याने त्यांना थांबवले, कारण ती गुळवेल होती. कडुनिंबावर वाढलेली गुळवेल औषधासाठी विशेष चांगली मानली जाते, शेजारपाजारची माणसे ती मागून नेत असत आणि वाढलेल्या कडुनिंबाला तिचा उपद्रव होत नव्हता. वेलीच्या बुंध्यावर तोवर एक घाव बसला होता, पण बुंधा तुटला तरी वरच्या भागातून सुटलेली मुळे जमिनीला पोहोचून ही वेल जगू शकते, असे माळ्याने सांगितल्यावर तरुणांचा जीव भांड्यात पडला आणि ती लोंबती मुळे तुटू नयेत म्हणून त्यांनीच तेथे काठ्यांचे कुंपण केले. 'वेली काढा' ही सूचना पारिजातकापाशी बरोबर होती आणि कडुनिंबापाशी चुकीची. सूचना जितकी सर्वसाधारण, तितकी ती बागेत धोकादायक, हे या प्रसंगातून लक्षात येते.

घाणेरीच्या बाबतीत प्रश्न याहून अवघड होता. परदेशी व आक्रमक म्हणून ती काढायची हे खरे असले, तरी तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात, फळे बुलबुल खातात आणि तिच्या आडोशाने लहान पक्षी राहतात. एका झुडपात शिंपी पक्ष्याने पानांच्या कडा कापसाच्या तंतूंनी टाचून केलेले घरटे आढळले. घरटे रिकामे असल्याची खात्री होईपर्यंत ते झुडूप हलवायचे नाही असे ठरले आणि त्यानिमित्ताने संपूर्ण पट्टा एकदम साफ न करता निम्मा यंदा व उरलेला देशी झुडपे वाढल्यानंतर काढावा, हा माळ्याचा सल्लाही मान्य झाला. त्यामुळे दिवसअखेर बाग काहीशी अर्धवट दिसली आणि आधीची-नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून कौतुक करून घेण्याची संधी हुकली. तथापि बागेच्या हिताचा निकष छायाचित्राच्या निकषाहून वेगळा असतो, हे अशा वेळी संयोजकांनी ठामपणे सांगावे लागते.

निघालेल्या हिरव्या कचऱ्याचा ढीग हा अशा प्रत्येक दिवसाचा दुर्लक्षित उत्तरार्ध असतो. तो पेटवून देण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. परंतु 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि बागेतील कचरा आवारातच वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेनुसार त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी जागेच्या धारकावर टाकली. त्यानुसार बी न धरलेले गवत व पाने कंपोस्टच्या खड्ड्यात, जाड फांद्या वेगळ्या आणि बी धरलेले उशिराचे गाजरगवत पोत्यांत बांधून निराळे अशी वर्गवारी सकाळपासूनच होत गेली. दुपारी थकलेल्या माणसांकडून मिसळलेला ढीग निवडून घेणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट असते.

या साऱ्या व्यवहारात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो टाळून चालत नाही. बाग माजली ती माळ्याचे वेतन बंद झाल्याने. मग फुकट श्रम करणारी माणसे जमवून ती साफ करणे म्हणजे कष्टकऱ्याच्या मजुरीला पर्याय शोधणे तर नव्हे, अशी शंका रास्त ठरते. स्वयंसेवक सकाळभर येतो आणि घरी जातो, मात्र बागेला पाणी, छाटणी व खुरपणी वर्षभर लागते. शिवाय त्या सकाळी स्वयंसेवकांनी वापरलेली बहुतेक जाण माळ्याची होती. वाचनालयाच्या व्यवस्थापनापुढे म्हणूनच श्रमदानाआधीच ही अट ठेवण्यात आली की माळ्याला आठवड्यातील ठरावीक दिवसांसाठी पुन्हा वेतनावर घेतले जाईल आणि त्यासाठी सभासदांकडून स्वतंत्र निधी उभारला जाईल. श्रमदान हे नियमित कामाची जागा घेण्यासाठी नसून, दुर्लक्षामुळे साचलेली थकबाकी एकदा फेडून नियमित काम पुन्हा शक्य करण्यासाठी असावे, ही भूमिका स्पष्ट असेल तरच त्याची प्रतिष्ठा टिकते.

श्रमदानानंतरचे आठवडे या भूमिकेची कसोटी पाहतात. उघडी पडलेली जमीन बीजसाठ्याला आमंत्रण देते. प्रकाश मिळताच पूर्वी दबून राहिलेल्या बिया उगवतात, आणि साफ केलेला वाफा पुन्हा हिरवा दिसू लागल्यावर 'सगळे श्रम वाया गेले' अशी भावना पसरते. त्यावर उपाय दोन आहेत. पहिला आच्छादनाचा, म्हणजे वाळलेला पालापाचोळा जमिनीवर जाडसर पसरून प्रकाश रोखण्याचा व ओल राखण्याचा. दुसरा, रिकाम्या जागेत गाजरगवताशी स्पर्धा करणाऱ्या टाकळ्यासारख्या वनस्पती वाढू देण्याचा. पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी म्हणून खाल्ला जाणारा टाकळा गाजरगवताला दाबतो हे कृषिशास्त्रज्ञांनीही नोंदवले आहे. याशिवाय मोठ्या गर्दीऐवजी महिन्यातून एकदा येणारी छोटी तुकडी अधिक उपयोगी ठरते, कारण त्याच माणसांनी तीच बाग ऋतूंच्या क्रमाने पाहिली की त्यांची ओळख वाढते. दिवाळीनंतरच्या रविवारी ज्यांना लव्हाळा आणि हरळी यांतला फरक कळत नव्हता, त्यांच्यापैकी काही जण पुढच्या पावसाळ्यात गाजरगवताचे रोप दोन पानांवर असताना ओळखू लागले आणि नव्या तुकड्यांतील जाणत्याची जागा त्यांनी घेतली. एका दिवसाच्या श्रमदानाचा खरा हिशोब किती घमेली कचरा निघाला यावर न करता, त्या दिवसानंतर बाग ओळखणारी माणसे किती वाढली आणि माळ्याचे काम पुन्हा सुरू झाले की नाही, यावर करणे अधिक योग्य ठरते.